‘आय अँड आय’ म्हणजे आपण : शेजारच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

लंडनमधल्या आपल्या इमारतीत सारे तुम्हाला ‘अंकल’ म्हणतात, म्हणून मराठीत मी ‘काका’ म्हणतो. दिवाळी अंकासाठी रूट्स रेगेवर, म्हणजे जमैकातल्या रास्ताफारी विचारांच्या रेगे संगीतावर, लेख द्यायचे मी उत्साहाच्या भरात कबूल केले, तेव्हा बॉब मार्ली आणि टी-शर्टांवरची त्यांची छबी यापलीकडे मला फारसे ठाऊक नव्हते आणि जमैकन पात्वातले, म्हणजे तिथल्या बोलीतले, निम्मे शब्द कानावरून वाहून जात होते. सलग सहा रविवार तुम्ही मला स्वयंपाकघरात बसवून, ओळ अडली की रेकॉर्डवरची सुई उचलून आणि पुन्हा मागे ठेवून ते शब्द समजावून सांगितलेत, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

जमैकन गायक बर्निंग स्पिअर यांचा १९७५ सालचा ‘मार्कस गार्वी’ हा अल्बम आपण सर्वांत जास्त ऐकला. त्यातल्या ‘स्लेव्हरी डेज’मध्ये गुलामगिरीचे दिवस आठवतात का, असे पुनःपुन्हा विचारले जाते. जमैकातली गुलामगिरी पूर्णपणे संपली १८३८ साली. म्हणजे ज्यांना हा प्रश्न विचारला जात होता, त्यांच्यापैकी एकानेही ते दिवस पाहिलेले नव्हते. मला तो निव्वळ गाण्यातला प्रश्न वाटला होता. तुम्ही मात्र कांदा चिरता चिरता, मान वर न करता, दर वेळी त्याला ‘हो’ म्हणत होतात. शाळेत तुमच्याकडून इंग्लंडच्या राजांची नावे पाठ करून घेतली आणि मळ्यांवरच्या हालांची गोष्ट घरीही कोणी काढत नसे, हे तुम्ही सांगितलेत, तेव्हा त्या ‘हो’चे वजन मला कळले.

ज्यांचे नाव त्या अल्बमला आहे, त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या जमैकन नेत्याचे, स्वतः गार्वींचेच पाहा. १९४० साली ते लंडनमध्ये वारले; १९६४ साली त्यांचा देह सन्मानाने जमैकात नेण्यात आला आणि त्यांना राष्ट्रवीर ठरवण्यात आले. तरीही अकरा वर्षांनी, त्यांच्याच सेंट ॲन्स बे गावात जन्मलेला हाच गायक त्याच अल्बममधल्या ‘ओल्ड मार्कस गार्वी’ या गाण्यात म्हाताऱ्या गार्वींची कोणालाच आठवण नाही, अशी तक्रार करतो. सरकारी समाधीने भागले असते, तर या गाण्याची गरज पडली नसती, असे माझे मत झाले आहे.

‘वन ड्रॉप’ या रेगेतल्या तालाच्या बाबतीत मी तुम्हाला फार छळले. पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर जोर द्यायचा, हे तुम्ही टेबलावर बोटांनी कितीदा वाजवून दाखवलेत, तरी समेवर टाळी द्यायची माझी सवय काही सुटली नाही. गांजा आणि चिलीम हे शब्द १८४५ पासून जमैकात नेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर तिथे रुजले, हेही तुम्हीच सांगितलेत, आणि वर ‘तुमचाच माल’ म्हणून हसलात.

खरी अडचण ‘आय अँड आय’ची होती. रास्ताफारी या जमैकातल्या धर्मपंथाच्या मंडळींच्या तोंडचा हा शब्दप्रयोग मी आधी ‘मी आणि मी’ असा लिहिला, मग ‘आम्ही’ असा. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, हे मी तुम्हाला समजावले आणि मराठीत ऐकणाऱ्यालाही आत घेणारा ‘आपण’ हा वेगळा शब्द आहे, असे सांगितले. तुम्ही सुरी खाली ठेवलीत, ‘आपण’ हा शब्द दोनदा उच्चारून पाहिलात आणि त्यात देवही बसतो का, असे विचारलेत. बसतो, असे मी म्हणालो. लेखात तोच शब्द ठेवला आहे. ‘ऑप्रेशन’ (दडपशाही) या शब्दात ‘अप’, म्हणजे ‘वर’, ऐकून, माणसाला खाली दाबणाऱ्या गोष्टीला वर कसे म्हणायचे, म्हणून घडवलेल्या ‘डाउनप्रेशन’ला मात्र मराठी जोड सापडली नाही, तो तसाच देवनागरीत छापला आहे.

अंकाची प्रत आली आहे. रविवारी ती आणि तुमची रेकॉर्ड घेऊन येतो. लेख वाचून दाखवीन, अर्थ इंग्रजीत सांगेन. दुसऱ्या बाजूवरचा ओरखडा आधीपासूनचा आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आपला कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी