पोळ्याला मदतीला आलेल्या हातांचे आभार

यंदा बाबा दवाखान्यात, म्हणून पोळ्याची जोडी सजवायचं माझ्यावर आलं. नोकरीमुळे कित्येक वर्षं गावाबाहेर, हातची सवय गेलेली. खांदशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पळसाच्या पानानं तूप-हळद लावताना धवळ्याच्या खांद्यावर जुवाचा घट्टा लागला. मी जोरात चोळत होतो. धुऱ्यावरून आलेल्या एका काकांनी माझा हात धरला, कोमट पाण्यानं हळूहळू शेकायला शिकवलं. 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' हेही बैलांना त्यांनीच म्हटलं; माझा गळा दाटला होता.

सकाळी पेटीतली झूल उंदरांनी कुरतडलेली निघाली. एका आजीनं घरची आरशांची झूल आणून दिली. त्यांच्या गोठ्यात आता बैल नाही. 'जोडी उघडी नोको नेऊ तोरणाखाली, बापू,' एवढंच बोलल्या. शिंगं साळून हिंगूळ लावणारी पोरं, नवी वेसण न दुखवता ओवणारे दादा, चिखलानं भरलेला मला पाहून स्वतःचं धुतलेलं धोतर देणारे, तुमची नावं विचारायचीच राहिली.

पंचांनी सजावट पाहण्याआधी खांदे पाहिले. धवळ्यावर हात फिरवून 'चांगला राखला' म्हणाले. तो शब्द तुमचा. मनापासून आभार.

आजी, झूल वाळवून ठेवली आहे. कोणत्या घरी आणून देऊ?