न आटणाऱ्या स्वेटरचं कोडं सोडवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

जुने लोकरी स्वेटर मुद्दाम आटवून त्यांचं घट्ट, न उसवणारं कापड करायचं आणि त्यातून हातमोज्यांसारख्या वस्तू शिवायच्या, हा आमचा उद्योग. पण एक स्वेटर काही केल्या आटेना.

"लेबलवर शंभर टक्के लोकर लिहिलंय, तीनदा गरम पाण्यातून काढला, तरी स्वेटर जसाच्या तसा!" आमच्या या रडगाण्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, "मशीनमध्ये धुता येईल, असंही लिहिलंय का?" लिहिलेलं होतं. त्या प्रश्नासाठी मनापासून आभार.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम साबणपाण्यात ते उघडतात आणि घुसळताना तंतू एकमेकांत असे अडकतात की मागे सरकत नाहीत. त्यामुळेच कापड आटून घट्ट होतं. मशीनमध्ये धुण्याजोग्या लोकरीचे खवले मात्र क्लोरीननं बोथट केलेले किंवा रेझिनच्या (प्लॅस्टिकसारख्या) पातळ थराखाली झाकलेले असतात. तिथे कितीही घुसळा, व्यर्थ.

लेबलच नसेल तर धागा जाळून पाहतात. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरडणारी राख म्हणजे लोकर. कडक मणी उरला तर अॅक्रिलिक. पण धागा विणीतला हवा, शिवणीतला वेगळा असू शकतो. शिवाय या परीक्षेत धुण्याजोगी लोकरही पास होते, हे तुम्ही दाखवलंत. म्हणून खरी कसोटी तुमच्या तुकड्याची: बाहीतून १० सेंटीमीटरचा चौकोन कापायचा, कडा दोऱ्यानं बांधायच्या आणि गरम साबणपाण्यात दहा मिनिटं चोळायचा. आटला, तरच स्वेटर मशीनमध्ये. मिश्र धाग्यात निदान ८० टक्के लोकर हवी, हाही तुमचाच नियम.

मशीनचं सांगायचं तर ६० अंश पाणी, सोबत घासणीसाठी जुन्या जीन्स आणि स्वेटर चेनच्या अभ्र्यात. अभ्रा विसरलात की सुटलेली लोकर फिल्टरमध्ये जाऊन बसलीच! साबण चमचाभर पुरे. फेस जास्त झाला की तो गादीसारखा मध्ये येतो आणि घासणीच होत नाही. आमची निम्मी फसगत इथेच व्हायची. एन्झाइमवाली पावडर टाळायची, ती लोकरीतलं प्रथिन खाते. टाके दिसेनासे झाले आणि कापलेली कड उसवत नाही, की थांबायचं. आणखी एक फेरी दिली तर पुठ्ठ्यासारखं होतं, मग सुई जात नाही आणि उपायही उरत नाही.

एका बाबतीत मात्र आमचं तुमच्याशी पटत नाही. तुम्ही स्वेटर अख्खाच मशीनमध्ये टाकता. आम्ही आधी शिवणी कापतो, कारण शिवण आणि वीण सारखी आटत नाहीत आणि कापड चुण्यांनी भरतं. कापलेल्या कडा नागमोडी होतात, दोनेक सेंटीमीटर छाटाव्या लागतात, हे कबूल. हातमोज्यांसाठी तुमचंच बरोबर: स्वेटरची खालची रिब (ताणली जाणारी विणीची पट्टी) तशीच मनगटाला वापरता येते.

पिळण्याचा वेग कमी ठेवायचा, नाहीतर घड्या कायमच्या बसतात. ओलं असतानाच हातानं ताणून सपाट वाळवायचं. शिवायला ९० किंवा १०० नंबरची सुई, टाका साडेतीन मिलिमीटर.

त्या करड्या जाड स्वेटरचा तुकडा १० वरून ७ सेंटीमीटरवर आलाय. बाही तुमच्यासाठी ठेवली आहे.

तुमच्या,
विणकाम गटातल्या आम्ही सगळ्या