रुमी मस्तकीच्या गावाहून

पिर्गी, खिओस बेट, ग्रीस
१२ सप्टेंबर

तीर्थस्वरूप आप्पांना
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या दुकानातल्या वरच्या फळीवरची ती बुटकी काचेची बरणी डोळ्यांपुढे आणा. पिवळसर खड्यांची. लहानपणी मी तिला हात लावला की तुम्ही म्हणायचात, "ठेव ती, रुमी मस्तकी आहे, महाग असते." कुठून येते असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "रूम देशातून." आप्पा, तो रूम देश मला सापडला. जुने अरब आणि तुर्क लोक बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन मुलखाला रूम म्हणायचे. तेच नाव या औषधाला चिकटलं आणि व्यापाऱ्यांच्या तोंडून थेट आपल्या पेठेपर्यंत आलं.

अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची बोट धरली. पहाटे डेकवर आले, तर एका बाजूला खिओस आणि दुसऱ्या बाजूला तुर्कस्तानचे डोंगर. मधला समुद्र सर्वांत अरुंद जागी जेमतेम ७ किलोमीटर. मस्तकी, म्हणजे एका झुडपाचा वाळलेला डिंक, मात्र सगळ्या बेटावर होत नाही. दक्षिणेकडच्या चोवीसेक गावांतच तिचं पीक निघतं. हे झुडूप भूमध्य समुद्राच्या काठाने कितीतरी ठिकाणी उगवतं, पण व्यापाराइतका डिंक देतं ते इथलंच.

झाड पाहिलंत तर तुम्ही आधी खोडावरून हात फिरवाल. माणसापेक्षा थोडंसं उंच, बारमाही हिरवं, खोड पिळून ठेवल्यासारखं. पिस्त्याचं सख्खं भावंड, आणि आंबा-काजूच्या कुळातलं. आपल्याकडच्यासारख्याच दगडी ताली घातलेल्या उतारांवर या बागा आहेत.

मी जिथे उतरले आहे त्या घरच्या आजीबाई मला काल पहाटे बागेत घेऊन गेल्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखालची जमीन साफ करून तासतात आणि तिच्यावर पांढरी चुनखडीची माती चाळून पसरतात, अगदी आजी रांगोळी घालण्याआधी अंगण करते तसं. मग जुलैपासून टोकदार हत्याराने सालीला बारीक चिरा देतात. चिरेतून चीक ठिबकतो, त्या पांढऱ्या मातीवर पडतो आणि पंधरा-वीस दिवसांत घट्ट होतो. ऊन चढलं की खडे मऊ पडतात, म्हणून वेचणी पहाटेच. इथे खड्याला अश्रू म्हणतात. ख्रिस्ती संत इसिदोरचा छळ झाला तेव्हा ही झाडं रडली, अशी गावची कथा. मी तासभर वाकून वेचलं तेव्हा ओंजळसुद्धा भरली नाही. एका झाडाला वर्षाकाठी साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मिळतात, आणि तेवढ्यावर काम संपत नाही. हिवाळाभर घराघरांत बायका एकेक खडा सुरीने खरडून माती काढतात. तुम्ही ती बरणी का जपायचात, ते मला काल कळलं.

पिर्गी गावातली घरं पाहून आजी हरखून जाईल. भिंतीवर काळ्या रेतीचा गिलावा, त्याच्यावर चुना, आणि चुना ओला असतानाच खरवडून काढलेली त्रिकोण-चौकोनांची नक्षी. घरं एकमेकांना अशी जोडलेली की बाहेरच्या रांगेची पाठच गावकूस होते. मध्ये बुरूज. चाच्यांच्या भीतीने अशी गावं बांधली. १३४६ पासून १५६६ पर्यंत इथे इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांचं राज्य होतं, आणि त्यांचा डोळा या डिंकावरच होता.

१८२२ मध्ये उस्मानी फौजेने या बेटावर भयंकर कत्तल केली. हजारो माणसं मारली, हजारो गुलाम म्हणून विकली. मस्तकीची गावं सुरुवातीला वगळली, कारण मस्तकी सुलतानाच्या महालात जायची. नेआ मोनी मठात, अकराव्या शतकातल्या सोनेरी मोझॅइक चित्रांपासून चार पावलांवर, त्या वेळच्या माणसांच्या कवट्या कपाटात ठेवल्या आहेत. काहींवर घावाची खूण स्पष्ट दिसते. मी तिथे फार वेळ उभी राहू शकले नाही.

२०१२ च्या वणव्यात कित्येक बागा जळाल्या. नवं झाड लावलं तर चिरा द्यायला पाच-सहा वर्षं थांबावं लागतं. आजीबाई बोलता बोलता एका जळक्या बुंध्यापाशी थांबल्या, बुंध्याशी आलेल्या फुटव्याला त्यांनी हात लावला आणि पुढे निघाल्या.

दुपारी त्यांनी थंडगार पाण्याचा पेला दिला, आत मस्तकीच्या पांढऱ्या, घट्ट, चिकट मिठाईचा चमचा बुडवलेला. चमचा चाटायचा, वर पाणी प्यायचं. वास आला आणि मी क्षणभर आपल्या दुकानात होते.

पार्सलात १०० ग्रॅम पाठवते आहे. तुम्ही शिकवलेली परीक्षा मी केली आहे: साधी राळ दाताखाली भुगा होते, मस्तकी मऊ पडते. ही आधी कडवट लागली, मग मेणासारखी झाली. तरी बरणीत भरण्याआधी तुम्ही स्वतः एक खडा चावून बघा आणि मला लगेच कळवा. आजीला नमस्कार सांगा, आणि गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची नात,
छकुली