दिवाळीला गाडी चालवशील तेव्हा

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

लायसन हाती आलं हे ऐकून आईने देवापुढे साखर ठेवली. दिवाळीत मोटारसायकल तूच चालवशील, म्हणून आधीच लिहितो.

यवतमाळहून आर्णीकडे येणारा 361 नंबरचा महामार्ग रुंद आहे. त्यावर डोळ्यांना वेगाची सवय होते, मग आपल्या फाट्यावर वळल्यावर पन्नासही हळू वाटतं. घात तिथेच होतो. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सोळा मीटरच्या वर जाते. समोरचं ध्यानात येऊन ब्रेक दाबेपर्यंतच तेवढी जमीन मागे पडते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. म्हणून फाट्यावर वळलास की काट्याकडे बघ आणि तीसवर ये. पेट्रोल पंपावरून निघताना फाटा जवळ दिसला तरी रॉंग साइडने यायचं नाही.

फाट्याच्या आत रस्ता गाड्यांचा कमी आणि माणसा-ढोरांचा जास्त. आता कापूस वेचणीचे दिवस. दिवेलागणीला बाया वावरातून परततात. डोक्यावर गाठोडं असलं की त्यांना मान वळवून मागे पाहता येत नाही, आणि कडेला चिखल नाहीतर काटेरी झुडपं, म्हणून त्या डांबरावरूनच चालतात. अगदी मागे जाऊन हॉर्न मारलास तर दचकून कोणत्या बाजूला सरकतील, सांगता येत नाही. दुरूनच एकदा वाजव, वेग तोड, त्या बाजूला होईपर्यंत थांब. थांबण्यात कमीपणा नाही.

बैलबंडीला मागे दिवा नसतो, आणि कितीतरी ट्रॉल्यांनाही नसतो. समोरून मोठ्या लाइटची गाडी आली की मधली बंडी दिसतच नाही. अशा वेळी वेग कमी कर, नजर डाव्या कडेवर ठेव. बंडी ओलांडताना बैल बुजणार नाहीत इतकं अंतर सोड. गायकी ढोरं घेऊन येत असेल तर त्याच्या हातवाऱ्याकडे बघ, तो वाट करून देतो. एक रोही (नीलगाय) आडवा गेला की मागे दुसरा असतोच, लगेच निघू नको.

लोक सोयाबीन रस्त्यावर वाळवतात. दाण्यांवरून चाक घसरतं ते वेगळंच, पण माल उचलल्यावरही कडेचे दगड तिथेच राहतात, आणि अंधारात ते फार वाईट. आपलं सोयाबीन अंगणात ताडपत्रीवरच वाळतं, जागा अपुरी पडली तरी. परतीचा पाऊस पडून गेला असेल तर पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती डांबरावर पसरलेली असते. तिथे पुढचा ब्रेक एकदम दाबू नको.

हेल्मेट आयएसआयचं घे, दोन घे. मागे आई बसेल, तिलाही कायद्याने लागतं.

वाटेत कोणी पडलेलं दिसलं तर 108 ला फोन लाव आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ थांब. पोलिसांच्या भीतीने लोक पुढे निघून जातात, ते मला फार लागतं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलं आहे, चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे.

येताना पुण्याहून लाल रिफ्लेक्टर पट्टीचं मोठं बंडल आण. आपल्या बंडीला लावून उरेल ते शेजारच्या ट्रॉलीला लावू, त्यांना मी विचारून ठेवलं आहे.

तुझे,
बाबा