मृत्युपत्र झालं, पण लिव्हिंग विलचं काय?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत मृत्युपत्र कसं करावं यावर लेख आला होता, चांगला होता, कापून ठेवलाय. पण फ्लॅट कुणाला, दागिने कुणाला हे वाचायची वेळ येते तेव्हा माणूस मेलेला असतो हो, खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. माणूस जिवंत आहे पण बोलू शकत नाही, तेव्हा त्याच्या वतीने कोण बोलणार? कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचा कागद म्हणजे लिव्हिंग विल.

हे सुचायचं कारण आमचे मोठे भाऊजी. वय 79, पॅरालिसिसचा मोठा झटका आला आणि 23 दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळी ओढून काढतात म्हणून हात पट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेले. हाच माणूस दर दिवाळीला जेवण झाल्यावर पान लावता लावता सांगायचा की मला नळ्याबिळ्या घालू नका रे, आणि आम्ही सगळे काय भाऊजी सणासुदीला असलं अभद्र बोलता म्हणून विषय बदलायचो, त्यात मी सगळ्यात पुढे. एक पुतण्या म्हणे घरी नेऊ, दुसरा म्हणे लोक काय म्हणतील पैसे वाचवले, आणि पुतणी परदेशातून व्हिडिओ कॉलवर रडत, शक्य ते सगळं करा. डॉक्टर बिचारे म्हणाले तुमचं एकमत होऊ द्या. जाऊबाईंना कुणीच विचारलं नाही, त्या बाहेर बाकड्यावर जप करत बसलेल्या.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की याची सोय कधीचीच झाली आहे. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत पडून होत्या, त्यांच्या केसमध्ये 2011 साली सुप्रीम कोर्टाने अशा रुग्णाचे उपचार थांबवायला पहिल्यांदा दार किलकिलं केलं, मग 9 मार्च 2018 ला घटनापीठाने लिव्हिंग विल मान्य केलं. पण त्यात मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची अट होती, म्हणजे कोण कशाला जातंय. जानेवारी 2023 मध्ये ती काढली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं. बरं होण्याची आशा नसेल तर कुठले उपचार नकोत ते स्पष्ट लिहायचं, आपल्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं घालायची, विचार बदलला तर कधीही लेखी रद्द करता येतं. आणि नातेवाईकांनी कागद दाखवला की लगेच प्लग काढला असं काही नाही, आधी हॉस्पिटलचं तीन डॉक्टरांचं बोर्ड, मग दुसरं बोर्ड ज्यात जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो, आणि शेवटी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. इंजेक्शन देऊन मारणं यात अजिबात बसत नाही, ते आजही गुन्हाच आहे. काही जणांना वाटतं हे परदेशी खूळ आहे, पण 1982 साली पवनारला विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं तेव्हा कुठला कायदा होता?

म्हणून मी स्वतःचं करायला घेतलं. पहिल्या नोटरीने सातबारा मागितला! मृत्युपत्रच समजला तो. दुसऱ्याने केलं, पण दोनदा विचारलं की काकू घरात सगळं ठीक आहे ना. मग त्याची एक प्रत नगरपालिकेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. हे अधिकारीसुद्धा आपल्याकडे सहज नाही मिळाले, मुंबईचे डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले तेव्हा कुठे सरकारने नेमले. शेजारी गोव्यात तर 2024 मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल सगळ्यात आधी नोंदवलं. आमच्या नगरपालिकेत मात्र मला आधी आरोग्य विभागात पाठवलं, तिथून जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर, तिथल्या मुलाने विचारलं मयत कोण आहे? म्हटलं बाबा, अजून मीच आहे.

माझं म्हणणं एवढंच की त्या अधिकाऱ्याचं नाव आणि वेळ एका फळ्यावर लिहून दारात लावा, खर्च काही नाही. आणि तुम्ही तुमच्या पेपरात एकदा जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपालिकांची अशी यादी छापा, लोक मृत्युपत्राच्या लेखासारखीच कापून ठेवतील.

माझी प्रत शेवटी आवक-जावकला घेतली. शिक्का मारून नंबर दिलाय, विषयाच्या रकान्यात बाईंनी लिहिलंय 'इतर'.

– एक निवृत्त शिक्षिका