बोट लागणार नाही

सिएटल, १८ जानेवारी

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून तुमच्या हातात द्यायला दादाला सांगितलंय. बाबा, चष्मा टीव्हीजवळ असेल. फोनवर बोलले असते, पण फोनवर आई "बघू गं" म्हणते आणि फोन फुकट असला तरी तुम्ही तिसऱ्या मिनिटाला "ठेवू का?" विचारता. एवढं सगळं तीन मिनिटांत मावणार नाही.

तर, तिकिटं काढली आहेत. जूनमध्ये तुम्ही इकडे याल, आठ दिवस घरी आराम कराल आणि मग आपण सात रात्रींसाठी जहाजाने अलास्काला जायचं. इथूनच, सिएटलहून निघतं. बंदर घरापासून अर्ध्या तासावर आहे. पैसे भरून झालेत. आकडा विचारू नका, दादालाही सांगितलेला नाही. जेवण, खोली, वेटरांची बक्षिसी, सगळं त्यात आलं. तुम्हाला रात्री झोपताना डायरीत हिशोब लिहायला काहीही उरणार नाही.

आणि एक. आपण तिघंच जाणार आहोत. मुलांना त्यांचा बाबा बघेल. तो स्वतःच म्हणाला, मी काही बोलले नव्हते.

आई, तुझं "एवढा खर्च कशाला" मला इथे ऐकू येतंय. कशाला ते सांगते. तू तीनदा सिएटलला आलीस. दोन बाळंतपणं आणि ती थंडीतली सहा महिन्यांची खेप. तिन्ही वेळा तू हे शहर माझ्या ओट्यासमोरच्या खिडकीतून पाहिलंस. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, धाकट्याचं मऊ भात-तूप, आणि शेजारणीला दिलेल्या त्या पुरणपोळ्या. बाबांनी लायब्ररी तरी पाहिली. मी म्हणायचे, पुढच्या वेळी फिरू. मग विचार केला, आईला स्वयंपाकघरात शिरताच येणार नाही अशी जागा कुठली? जहाज. तिथे तुला कुणी आत सोडणार नाही, तू कितीही "मी जरा कोथिंबीर निवडून देते" म्हणालीस तरी.

बसच्या सहली मी मुद्दाम घेतल्या नाहीत. सकाळी सहाला बॅग दाराबाहेर, रोज नवं हॉटेल, रोज नवा जिना, आणि तुझा तो गुडघा. जहाजावर बॅग एकदाच उघडायची. साड्या कपाटात, औषधांचा डबा उशाशी, आणि मग गावं आपल्याकडे येतात. सकाळी पडदा सारला की खिडकीत वेगळाच डोंगर. पलंग तोच, बाथरूम तेच, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण शोधायला नको. उंबरा नसलेली खोली घेतलीय. आंघोळीला बसायला स्टूल आहे आणि धरायला दांडे. लिफ्टही जवळ आहे, नकाशावर दारं मोजून पाहिलीत.

आता तू "रामदास" म्हणशील. मला माहीत आहे, आई. मामाआजोबांचा फोटो माझ्याही डोळ्यासमोर आहे, आणि १७ जुलैला आजी जेवायची नाही तेही आठवतंय. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, अमावास्येच्या तोंडावरचा खवळलेला समुद्र, आणि सहाशेहून जास्त माणसं. त्याला १९४७ पासून किती वर्षं लोटली तरी तुझ्या घरात बोट म्हणजे तीच बोट. म्हणून एवढंच सांगते की इथे निघण्याआधी प्रत्येक प्रवाशाला, म्हाताऱ्या-पोरांसकट, आपली जीवरक्षक नावेची जागा कुठली ते पाहून यावंच लागतं. तुझी जागा मी तुला दोनदा दाखवीन. डॉक्टर-नर्स जहाजावर असतात. विमा काढलाय, अगदी हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं तरी पैसे मिळतील असा. (बाबा, लागणार नाही. कागदावर आहे म्हणून सांगितलं.)

बाबा, तुम्हाला भीती नाही, तुम्हाला फक्त "बोट लागते". विजयदुर्गाहून पडावात बसून बोटीवर चढलात, ट्रंकेचं व्हायचं ते झालं, आणि मुंबईपर्यंत डेकवर पथारी टाकून आलेपाक चघळत आलात. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की ती ट्रंक मीच पाण्यात पाडली असं मला कधीकधी वाटतं. पण हे जहाज तुमच्या त्या बोटीसारखं नाही. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्याने डुलणं कमी होतं. खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतलीय, तिथे सगळ्यात कमी हलतं. खोटं बोलत नाही, पहिल्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून उघड्या समुद्रातून जाताना थोडं जाणवेल. पुढे मात्र बेटांच्या मधून वाट आहे. दोन्हीकडे झाडीचे डोंगर, पाणी आपल्या वाघोटन खाडीसारखं शांत.

हे मला कसं माहीत, असं तुम्ही विचारण्याआधीच सांगते. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं जाऊन आलो. तुम्हाला सांगितलं नाही. आईचं ऑपरेशन जूनमध्ये झालं तेव्हा मी "रजा शिल्लक नाही" म्हणाले होते, आणि ही रजा त्या सहलीसाठी ठेवलेली होती. तिकिटं वर्षभर आधी काढलेली, मुलांना कबूल केलेलं, रद्द केली असती तर निम्मे पैसे गेले असते. सगळं खरं आहे. पण रजा शिल्लक होती, हेही खरं आहे. आई, तू तेव्हा फोनवर म्हणालीस, "नको येऊस, दादा आहे की." मी लगेच मान्य केलं. फार लगेच.

ग्लेशियर बे नावाच्या खाडीत जहाज दिवसभर नुसतं हिंडतं, कुठे उतरायचं नसतं. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत सोडतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची माणसं जहाजावर येऊन लाउडस्पीकरवरून माहिती देतात. अडीचशे वर्षांपूर्वी ती खाडी नव्हतीच, सगळा बर्फ होता. तो शंभरेक किलोमीटर मागे हटलाय. मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर जहाज थांबलं. बर्फ पांढरा नसतो, आई, आत निळा असतो, नीळ घातलेल्या धोतरासारखा. आधी कडा तुटून पडताना दिसतो आणि आवाज नंतर येतो. तिथले मूळ लोक, त्लिंगिट, त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या मनात आलं, आईची फिजिओ अजून चालू असेल. मुलांना वाटलं मला थंडी वाजतेय. त्याच संध्याकाळी ठरवलं.

बाबा, पुढच्या बंदरात, स्कॅग्वेला, तुमच्यासाठी आगगाडी आहे. १८९८ साली सोन्याच्या मागे धावलेल्या लोकांसाठी बांधायला घेतली, दोन वर्षांत पूर्ण केली. नॅरोगेज, पण आपल्या माथेरानच्या गाडीसारखी दोन फुटी नाही, तीन फुटी. वीस मैलांत जवळजवळ २,९०० फूट चढते. परळ वर्कशॉपमधल्या माणसाने मापं काढल्याशिवाय खाली उतरू नये. जहाजाजवळच बसायचं, चालायला नको. ज्युनोला देवमासे दाखवायला नेतात. हे मासे हवाईत बाळंत होतात आणि पोटभर खायला एवढ्या लांब अलास्काला येतात. आई, यातलं माहेर कुठलं ते तूच ठरव. ज्युनो राज्याची राजधानी आहे, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही, बोट नाहीतर विमान. केचिकनला पाऊस. कोकणातल्या माणसाला त्याचं काय कौतुक.

जेवणाचं मी आधीच लिहून कळवलंय. शाकाहारी, भारतीय, आईला कमी तिखट, बाबांना कमी मीठ. मागच्या वेळी आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगावचा होता. त्यांच्याकडे घराघरात तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे. आम्ही मराठी बोलताना त्याने ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून न मागता दही-भात यायला लागला. चतुर्थी त्या आठवड्यात आली तर दही, केळी, उकडलेला बटाटा मिळेल. तुझ्यासमोर ताट येईल, आई. तू उठायचं नाहीस. पाणीसुद्धा घ्यायला नाही.

आता नीट वाचा. अमेरिकेचा व्हिसा आहे, पण कॅनडाचा वेगळा लागतो, कारण परतताना जहाज व्हिक्टोरियाला थांबतं. बाबा, कारण तुम्हाला आवडेल: १८८६ चा कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत यायचं तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. अर्ज मी भरते, बोटांचे ठसे द्यायला दादा नेईल. "पुढच्या आठवड्यात" म्हणायचं नाही. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या दोन महिन्यांच्या, हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. विमानतळावर व्हीलचेअर सांगितलीय. बाबा, तिच्यात बसायचं. "मला कशाला" म्हणून आईच्या मागे धावायचं नाही. स्वेटर, कानटोपी, आईचे कॅन्व्हासचे बूट, ते नवे पट्ट्याचे नकोत. इस्त्री आणि पाण्याची किटली आणू नका, जहाजावर काढून घेतात. उदबत्ती, निरांजनही चालत नाही. आई, रागावू नकोस. तुझ्यासाठी सेलवरचा छोटा दिवा आणून ठेवलाय. तिथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो, तेव्हा दिवेलागण कधी करायची ते तू बघ.

नाहीच जमणार असं डॉक्टर म्हणाले तर ऐकू. पण डॉक्टर म्हणाले तर. तुमचं तुम्ही ठरवायचं नाही.

घरचं शिजवलेलं काही जहाजावर नेऊ देत नाहीत, म्हणून लाडू-चकल्या इथे घरीच संपवू. फक्त बाबा, दादरला जाल तेव्हा आलेपाकाची दोन पाकिटं घ्या, बंद असलेली. तुमच्यासाठी नाही. मागच्या वेळी त्या पहिल्या रात्री मला लागली होती बोट.

तुमची,
छकुली