वेलिंग्टन चेस्ट घेण्याआधी

प्रिय शेखर,

फोटो मिळाले. असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याचंच नाव या उंच, अरुंद कपाटाला आहे. सहा ते आठ खण, आणि एका बाजूची उभी बिजागरीची पट्टी मिटून कुलूप लावलं की सगळे खण एकदम बंद. खरी मजा त्या पट्टीत आहे! ती खाली झुकली असेल तर खणांना घासते. बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले झालेत का, ते आधी बघ.

समोरच्या अक्रोडाच्या विनियरवर, म्हणजे वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर, मात्र भाळू नकोस. एक खण पूर्ण काढ आणि उजेडात उलटा धर. हाताने कापलेल्या डव्हटेलमध्ये, म्हणजे कोपऱ्यात एकमेकांत अडकणाऱ्या पाचरीसारख्या दातांमध्ये, बारीक फरक असतो, आणि कापण्याआधी आखलेली रेघ राहिलेली दिसते. सगळे दात हुबेहूब सारखे असतील तर ते यंत्राचं काम. आतल्या ओक किंवा पाइनला सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिलेला असेल, तर विक्रेत्याला कारण विचार. आतलं लाकूड सहसा कोरंच सोडत. खणाच्या आतून बुजवलेली जादा भोकं दिसली, तर मुठी बदलल्यात.

विनियरची जाडी तुटलेल्या कडेला दिसते. करवतीचं दीड-दोन मिलिमीटर असतं, पात्याने कापलेलं एकाच्याही आत. म्हणून सॅंडपेपर अजिबात नको, दोन हातांतच खालचं लाकूड उघडं पडेल.

पॉलिश लाखेचं असावं, म्हणजे आपल्याकडच्याच चपड्याचं. मागे लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब लाव. चिकट झालं तर लाख. ते खरवडून काढायचं नाही. वयाचा रंग त्यातच मुरलेला असतो. मऊ फडकं आणि वर्षातून एकदा मधमाशीचं मेण, एवढं पुरतं. सिलिकॉनचा स्प्रे नको, पुढे पॉलिशची दुरुस्ती करताना नवा थर बसत नाही.

विनियर फुगलं असेल तर लाकडाच्या रेषांच्या दिशेने बारीक चीर पाडून गरम सरस आत घालायचा, वर मेणकागद आणि सपाट फळी ठेवून शिकंजा २४ तास. जुना सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे हे जमतं. आधुनिक गोंद वापरलास तर पुन्हा उघडता येणार नाही.

कपाटाच्या बाजूंना उभी भेग आहे का? आतल्या आडव्या पट्ट्या पक्क्या ठोकलेल्या असतात, हीटरने बाजू आकसते आणि फाटते. म्हणून घरी रेडिएटरजवळ ठेवू नकोस.

खणांच्या तळाचे फोटो पाठव, मग किमतीचं बोलू.

तुझा,
मिलिंद